पट्टी कापू नका : चपला-बुटांची जुनी पोस्टरं कशी वाचायची, कशी जपायची

चपला-बुटांच्या बऱ्याच जुन्या पोस्टरांवर तळाशी दोन-तीन इंचांची एक पट्टी असते. चित्र तिच्या वरच संपतं. कंपनी ही पट्टी कोरी ठेवायची, कारण तिथे गावच्या दुकानदाराचं नाव यायचं असे. चित्र मुंबईत नाहीतर कलकत्त्यात छापलेलं. नाव मात्र जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेरच्या एखाद्या ट्रेडल मशीनवर (पायाने चालवायच्या छापयंत्रावर), शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी मारलेलं; अक्षर मोठं हवं असेल तर लाकडी टायपाने. एकाच कागदावर दोन हात असतात : एक लांबच्या कमर्शिअल आर्टिस्टचा, दुसरा इथल्या खिळे जुळाऱ्याचा.

असं पोस्टर फ्रेमवाल्याकडे गेलं की पहिली कात्री या पट्टीवरच चालते. शाई थोडी तिरकी बसलेली असते, अक्षरांचं वळण वरच्या चित्राशी जुळत नाही, म्हणून ती पट्टी नकोशी वाटते. पण वरच्या चित्राच्या प्रती देशभर कुठे ना कुठे उरलेल्या असतात. खाली ‘पू. खानदेश’ (पूर्व खानदेश) असा पत्ता असलेली प्रत एखादीच असणार. खानदेशात सापडलेल्या पोस्टरमध्ये खानदेशचं जे काही आहे ते त्या दोन-तीन इंचांत आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण पट्टी कापू नका.

ही पोस्टरं सापडतात कुठे? जुन्या दुकानाच्या माळ्यावर, खोक्यांच्या मागे. आरशाच्या किंवा देवाच्या तसबिरीच्या पाठीला लावलेली. लोखंडी पेटीच्या तळाशी अस्तर म्हणून. भावांच्या वाटण्या झाल्या, दुकानाचं नूतनीकरण निघालं किंवा दिवाळीआधी साफसफाई झाली की ती बाहेर येतात आणि चार दिवसांत रद्दीत जातात. रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

आधी बूट पाहा, चेहरा नंतर

पोस्टर हातात आलं की नजर हसऱ्या बाईकडे किंवा दप्तर घेऊन निघालेल्या मुलाकडे जाते. तो चेहरा चहाच्या किंवा साबणाच्या जाहिरातीतही चालला असता. चित्रकाराचा कस लागतो बुटात. बुटाला सरळ रेष जवळजवळ नसते. आतली आणि बाहेरची बाजू सारखी नसते. तो पोकळ असतो, त्यामुळे तोंडातून अस्तर दाखवावं लागतं. आणि वर कातड्याची चमक.

म्हणून एक ठरावीक मांडणी रूढ झाली. बूट पाऊण बाजूने दाखवायचा, टोक पाहणाऱ्याकडे थोडं वळवलेलं. बाहेरची कड पुढे, कारण आतल्या कडेला कमानीचा खोलगटपणा येतो आणि बूट किडकिडीत दिसतो. नजरेची पातळी खाली, जवळजवळ घोट्याइतकी. त्यामुळे सात-आठ इंच उंचीचा बूटही इमारतीसारखा उभा राहतो. जोडीतला दुसरा बूट आडवा किंवा पाठमोरा टेकवलेला, म्हणजे टाच आणि सोलही दिसतो. गिऱ्हाईक दुकानात बूट उलटा करून पाहतोच. चित्रकाराने ते काम आधीच करून ठेवलेलं असतं.

चित्र चांगलं की कामचलाऊ हे चार ठिकाणी कळतं. पहिलं, तळ : टाच आणि चवडा दोन्ही एकाच जमिनीवर टेकलेले दिसले पाहिजेत. तोंडाची लंबगोल कड आणि सोलची कड वेगवेगळ्या कोनातून काढली असेल तर बूट तरंगतो. दुसरं, शिवण : बूट वळतो तिथे टाके जवळजवळ येत गेले पाहिजेत. सगळीकडे सारख्या अंतरावर टाके दिसले, तर ते घाईत काढले आहेत. तिसरं, चमक : पेटंट लेदरवर (आरशासारख्या चकचकीत कातड्यावर) तिची कड धारदार असते, साध्या पॉलिशच्या कातड्यावर मऊ विरघळलेली, आणि कॅनव्हासवर ती नसतेच. चांगल्या लिथो (दगडावरून छापलेल्या) पोस्टरमध्ये टोकावरची पांढरी चमक ही पांढरी शाई नसते, कोरा ठेवलेला कागद असतो. चौथं, सावली : टाचेच्या पुढच्या खाचेत, जिथे सोल जमिनीपासून उचलला जातो, तिथे ती सर्वांत गडद हवी. चवड्यावर घडी मात्र कधीच नसते. बूट कलबुतावरून (ज्या लाकडी साच्यावर तो शिवतात त्यावरून) नुकताच उतरल्यासारखा काढायचा, हा या कामाचा नियमच.

काळा बूट छापणं हे आणखी कठीण. नुसत्या काळ्या शाईत तो करडा आणि निर्जीव उतरतो. म्हणून आधी खाली निळ्याचा थर देत आणि त्यावर काळा चढवत. भिंगाखाली काळ्याच्या कडेला निळी रेष डोकावताना दिसली तर ती चूक म्हणून सोडू नका. कारागिराने रंग कसा बांधला ते तिथेच दिसतं.

चपलेचा प्रश्न वेगळा. बाजूने पाहिली तर ती फक्त एक रेघ. म्हणून चप्पल वरून, चढ्या कोनातून आणि जोडी एकमेकीवर तिरकी टाकून दाखवतात. कोल्हापुरीची कान, पट्टा, वेणी, अंगठा ही सगळी ओळख वरच्या बाजूलाच आहे, ती बाजूने दिसणारच नाही. हवाई चप्पल आली तेव्हा छापणाऱ्यांचं काम सोपं झालं : पांढरा तळ, निळी कड, निळा पट्टा. कागदाचा पांढरा धरून दोन शायांत पोस्टर उभं राहतं.

लांबचे गुरू

फक्त वस्तू आणि नाव, बाकी काही नाही, ही रीत जर्मनीत पहिल्या महायुद्धाआधी रुजली. लुसियान बर्नहार्डने श्टिलर या बूटविक्रेत्यासाठी केलेलं पोस्टर तिचा नमुना आहे : एक बूट, एक शब्द, सपाट रंग. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन सेकंदांत कळावं एवढाच हेतू. पुढे फ्रान्सच्या बर्नार व्हिलमोने बॅली या स्विस कंपनीसाठी रंगाचे मोठे सपाट आकार आणि वळणदार रेषा वापरून पोस्टरं केली. त्यांत बूट कमी आणि ऐट जास्त आहे.

बाटाचं उदाहरण व्यापाराच्या बाजूने पाहण्यासारखं. १८९४ मध्ये झ्लिन गावी सुरू झालेल्या या कंपनीने १९२२ मध्ये भाव एकदम निम्मे केले. त्या वेळच्या पोस्टरवर एक मूठ ‘महागाई’ या अर्थाच्या चेक शब्दावर आदळताना दाखवली आहे. ज्या मालासाठी हे पोस्टर होतं, तो माल त्यात मुख्य नाही. गिऱ्हाइकाच्या मनातला राग मुख्य आहे.

बाटा भारतात १९३१ मध्ये आली. कलकत्त्याजवळ कोन्नगरला काम सुरू झालं, मग बाटानगर उभं राहिलं. इथे अडचण भावाची नव्हती, सवयीची होती. बहुतेक लोक अनवाणी चालत. म्हणून १९३० च्या दशकातल्या एका जाहिरातीने थेट धनुर्वाताची भीती घातली : छोटी जखमही घातक ठरू शकते, म्हणून बूट घाला. बाभळीच्या काट्यांच्या आणि कापसाच्या पळकाट्यांच्या मुलखात हा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागला नसता. काळ्या मातीत पावसाळ्यात बूट कसा रुततो, किलोभर चिखल कसा धरतो, हे मात्र पोस्टरवाले टाळतात. पोस्टरमधली जमीन बहुधा स्वच्छ असते, किंवा जमीन नसतेच, फक्त रंग असतो.

रंगीत छायाचित्रं परवडू लागली तसा हाताने काढलेला बूट मागे पडला. छायाचित्राची पोस्टरं कमी प्रतीची असं मी मानत नाही. वस्तूवर प्रकाश कसा टाकायचा ही स्वतंत्र विद्या आहे. ज्यांना ती समजून घ्यायची आहे त्यांनी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रं पाहावीत. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. बुटाच्या छायाचित्राला लागणारं कसब याच जातीचं : एक दिवा बाजूने, पोत उठावा म्हणून; समोर पांढरा कागद, टोकावर चमक यावी म्हणून.

छपाई ओळखणं

दहापट भिंग घ्या. छापखान्यात आणि कापडवाल्यांकडे घडीचं चौकोनी भिंग असतं, ज्याला लिनन टेस्टर म्हणतात, ते उत्तम.

हाताने केलेल्या लिथोत ठिपके अनियमित दिसतात, खडूने खरवडल्यासारखे किंवा लेखणीने टिपलेले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, म्हणून सहा-आठ रंग एकमेकांवर चढलेले. जर्मनीच्या झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी शोधलेली ही पद्धत आपल्याकडे रुजली ती पुण्याच्या चित्रशाळेसारख्या (१८७८) आणि राजा रविवर्म्याच्या मुंबईतल्या (१८९४), नंतर मळवलीला गेलेल्या छापखान्यांमुळे. देवादिकांची चित्रं छापणारी ही कारागिरीच पुढे साबण, काडेपेट्या आणि बुटांच्या कामी आली.

ऑफसेटमध्ये ठिपके ओळीत असतात आणि चार रंगांचे ठिपके मिळून लहान फुलांसारखी नक्षी होते. दुकानदाराच्या पट्टीवरची ट्रेडलची छपाई यापेक्षा वेगळीच : अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार आलेली असते आणि मागून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. हा उठाव असेल तर पट्टी खरी, असं बहुतेक वेळा म्हणता येतं.

नकली प्रत पकडायची सर्वांत सोपी खूण काळ्या अक्षरांत आहे. मूळ पोस्टरमध्ये बारीक काळी अक्षरं एकाच काळ्या शाईची, भरीव असतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या प्रतीत त्याच अक्षरांच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात. नकलेत घड्याही छापलेल्या असतात : डोळ्यांना घडी दिसते, बोटांना लागत नाही. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, आणि तो कागदात वापरायला लागले १९५० च्या सुमारास. त्याआधीचं म्हणून विकलं जाणारं पोस्टर असं चमकलं तर पैसे देऊ नका. ‘₹’ हे चिन्ह तर २०१० सालचं आहे. ते दिसलं की पुढे तपासायची गरजच नाही.

साल ठरवणं

पोस्टरवर साल सहसा छापलेलं नसतं. पण भाव, पत्ता आणि शुद्धलेखन मिळून दहा-बारा वर्षांच्या आत नेता येतं.

भाव ‘६-१५-०’ असा असेल तर तो सहा रुपये पंधरा आणे. म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचा हिशेब, निदान त्या सवयीचा. ‘न. पै.’ किंवा ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. नुसतं ‘पैसे’ असेल तर त्यानंतरचा. दुकानदाराने पट्टीवर शाईने ‘३॥’ लिहिलं असेल तर ते साडेतीन रुपये. हाताने लिहिलेला हा भाव डाग समजून खोडू नका.

पत्त्यात ‘पू. खानदेश’ म्हणजे जळगावकडचा भाग आणि ‘प. खानदेश’ म्हणजे धुळ्याकडचा. हे दोन जिल्हे १९०६ मध्ये वेगळे झाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे अशी झाली. ‘धुळिया’ हे रूपही जुनंच. सहा आकडी पिनकोड, जळगावसाठी ४२५००१ किंवा धुळ्यासाठी ४२४००१, दिसला तर पोस्टर ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘जि. नंदुरबार’ छापलेलं असेल तर जुलै १९९८ नंतरचं.

शुद्धलेखन हा आपल्याकडचा खास पुरावा. ‘येथें’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. ही खूण एकाच बाजूने पक्की धरा. सगळे अनुस्वार पद्धतशीर गाळलेले असतील तर मजकूर बहुधा १९६२ नंतरचा. ते असतील तर मात्र १९६२ आधीचाच असं नाही, कारण गावच्या जुळाऱ्याचा हात बरीच वर्षं जुन्याच वळणाने चालत राहिला. म्हणूनच कधी कधी वरच्या चित्रात ‘येथे’ आणि खालच्या पट्टीत ‘येथें’ असं सापडतं.

अक्षरांचं वळणही पाहा. ‘अ’, ‘झ’, ‘ण’, ‘ल’, ‘श’ आणि ५, ८, ९ हे आकडे मुंबई वळणात आणि उत्तरेकडच्या, कलकत्त्याच्या वळणात वेगळे दिसतात. मुंबई वळण घरोघरी पोचवलं निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या टायपांनी. मजकूर मराठी पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी ढंगाचे असतील, तर ते अक्षरलेखन महाराष्ट्राबाहेर झालं असण्याची शक्यता मोठी.

आकाराचाही थोडा आधार मिळतो. २० × ३० इंच म्हणजे डबल क्राऊन, त्याचा अर्धा १५ × २० इंच म्हणजे क्राऊन. दोन्हीपैकी एकही माप बसत नसेल तर कडा कुणीतरी छाटल्या आहेत का ते तपासा. चारी बाजूंचं कोरं अंतर असमान असेल तर बहुधा छाटल्या आहेत.

हात लावण्याआधी

खानदेशात कागदाचे दोन शत्रू आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याखालचा माळा भट्टी होतो. कागद ठिसूळ होऊन घडीवर तुटतो. मग जुलै-ऑगस्टची दमट हवा, बुरशी आणि कसर. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मुळातच आम्लधर्मी असतो, उष्णतेने तो झपाट्याने पिवळा पडतो. उन्हात राहिलेल्या पोस्टरचा पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो, म्हणून जुन्या दुकानातली पोस्टरं निळी दिसतात. मूळ रंग पाहायचा असेल तर पोस्टर टांगण्यासाठी वरच्या कडेला लावलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली किंवा फ्रेमच्या कडेखाली झाकला गेलेला भाग पाहा.

काय करायचं नाही ते आधी सांगतो, कारण नुकसान तिथेच होतं. लॅमिनेशन नाही, ते उष्णतेने चिकटतं आणि पुन्हा निघत नाही. सेलोटेप नाही, मागच्या बाजूनेही नाही. त्याचा गोंद काही वर्षांत तेलकट तपकिरी होऊन चित्रातून वर येतो. फेव्हिकॉल नाही, कारण तो उलटवता येत नाही. पत्र्याच्या गंजाच्या डागावर लिंबू-मीठ नाही. डाग फिका होतो पण आम्ल कागदात राहतं आणि पुढे तिथे भोक पडू शकतं. कडुनिंबाचा पाला कागदाला लागून ठेवू नका, त्याचाही डाग पडतो. आणि ओलं फडकं तर नाहीच : पट्टीवरची लाल शाई पुष्कळदा पाण्याने पसरते.

कोरडी सफाई पुरते. स्वच्छ टेबलावर पोस्टर पसरा. दोन-तीन इंच रुंदीच्या मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ सारा. कडेकडून मध्ये आलात तर फाटकी कड ब्रशमध्ये अडकते. मळ चिकट असेल तर पांढरा व्हिनाइल खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा कोऱ्या भागावर बोटांनी हलकेच गोल फिरवा आणि झटका. रंगावर, हाताने लिहिलेल्या भावावर आणि पेन्सिलीच्या खुणांवर हा चुरा नेऊ नका. वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या असतील तर ओढून काढू नका. गंज कागदात उतरलेला नसेल तर त्या तशाच राहू द्या, त्या मूळ पोस्टरचाच भाग आहेत.

गुंडाळी आणि घड्या सरळ करणं

वर्षानुवर्षं गुंडाळलेलं पोस्टर हाताने उलगडलं तर आडव्या भेगा पडतात. त्याला आधी हवेतून ओल द्यावी लागते. मात्र त्याआधी शाईची परीक्षा : प्रत्येक रंगावर कोपऱ्यात पाण्याचा टिपकाभर थेंब, दहा सेकंदांनी वर टिपकागद. टिपकागदावर रंग आला तर पुढे जाऊ नका.

झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी पिळून घेतलेला ओला टॉवेल, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर कोरडं सुती कापड, आणि त्यावर सैल गुंडाळी. झाकण लावा. दर अर्ध्या तासाने पाहा. दोन ते चार तासांत कागद मऊ पडतो आणि स्वतःहून सैल होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर लगेच पुसा. थेंब पोस्टरवर पडला की डाग कायमचा. मग दोन टिपकागदांच्या मध्ये ठेवून वर जाड काच किंवा गुळगुळीत प्लायवूड आणि सगळीकडे सारखं वजन. टिपकागद अर्ध्या तासाने बदला, मग दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी. चार दिवस दाबून ठेवा. घाईने काढलं तर पोस्टर लाटेसारखं उठतं.

हे काम कार्तिक ते माघ, म्हणजे थंडीत करावं. पावसाळ्यात बुरशी धरते. मे महिन्यात कडा मधल्या भागाआधी सुकतात आणि कागद वाकतो.

फाटलेलं जोडणं

यासाठी दोन वस्तू हव्यात : ९ ते १२ ग्रॅमचा (चौरस मीटरला तेवढं वजन असलेला) जपानी हातकागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. ही दुसरी वस्तू कुरडया करणाऱ्या कुठल्याही घराला नवी नाही, कारण ते सत्त्व म्हणजे गव्हाचा चीकच. फक्त कुरडईचा चीक जसाच्या तसा चालत नाही, कारण तो आंबलेला असतो आणि शिजवताना मीठ पडतं. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पातळ कापडातून गाळा, निवळू द्या, वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी घाला. पाणी स्वच्छ येईपर्यंत पाच-सहा वेळा. खाली बसलेला पांढरा थर वाळवून पूड करा. मैदा वापरू नका : त्यातल्या ग्लुटेनमुळे खळ सुकून कडक होते, जोड ताणला जातो आणि कसरीला मेजवानी मिळते.

एक भाग पूड, पाच भाग पाणी. अर्धा तास भिजू द्या. मंद आचेवर न थांबता ढवळत वीस ते पंचवीस मिनिटं शिजवा. पांढरी खळ आधी घट्ट होते, मग काचेसारखी पारदर्शक, तिथे थांबा. थंड झाल्यावर बारीक गाळणीतून तीन वेळा दाबून काढा, गुठळी राहिली तर ती कागदातून उठून दिसते. वापरताना पाणी घालून दुधावरच्या पातळ सायीइतकी करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाका. जुने बाइंडर आणि पोस्टर चिकटवणारे खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. आपल्या कामात ते घालू नका. तांब्याचा क्षार कागद आतून जाळतो.

हातकागदाची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेष ओढून त्या रेषेवर फाडायची, म्हणजे तिच्या कडेला तंतू सुटे राहतात आणि जोडाची कड पुढून उमटत नाही. रुंदी ८ ते १० मिलिमीटर. पोस्टर पालथं ठेवा, फाटलेल्या दोन्ही कडा एकमेकीवर मूळ जशा होत्या तशा बसवा (एकीत पांढरा तंतू वर असेल, तो दुसरीच्या खाली जातो), पट्टीला खळ लावा, ठेवा, वर पॉलिएस्टरचं नॉन-वोव्हन कापड, टिपकागद आणि किलोभर वजन. अर्ध्या तासाने टिपकागद बदलून रात्रभर तसंच. जोड फक्त मागून. पुढून रंग भरून तुटलेला भाग झाकायचा मोह टाळा.

तुकडे-तुकडे झालेलं, कापडावर चिकटवलेलं, बुरशी लागलेलं किंवा लॅमिनेट केलेलं पोस्टर घरी करायचं काम नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. अशा वेळी तज्ज्ञ संवर्धकाचाच सल्ला घ्यावा.

फ्रेम आणि साठवण

फ्रेमवाल्याला लिहून द्या, नुसतं सांगू नका. काच पोस्टरला टेकता कामा नये. मध्ये तीन-चार मिलिमीटर अंतर, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. मागे थेट हार्डबोर्ड किंवा प्लाय नको, मध्ये आम्लरहित बोर्ड हवा. पोस्टर चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. वरच्या कडेला हातकागदाच्या दोन बिजागऱ्या बस, म्हणजे कागद हवेप्रमाणे फुगू-आकसू शकतो. आणि तळाची पट्टी माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) आतल्या चौकटीत पूर्ण दिसली पाहिजे. माउंट तिच्यावर चढवणं हे कापण्याइतकं वाईट नाही, पण परिणाम तोच. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पश्चिमेची, उन्हाने तापणारी भिंत टाळा.

फ्रेम करायचं नसेल तर आडवं ठेवा, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. पीव्हीसीचं पाकीट काही वर्षांत चिकट होतं. जागा नसेल तर चार इंच व्यासाच्या नळीवर, आत नव्हे, बाहेरून गुंडाळा.

फोटोसाठी दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा पोस्टरला अगदी समांतर, शेजारी मोजपट्टी. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत ३० इंचांच्या बाजूला ६००० पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला २००. वाचायला एवढं पुरतं, मूळ मापात पुन्हा छापायला नाही. पट्टीचा वेगळा जवळून फोटो घ्या, आणि एक फोटो दिवा अगदी आडवा धरून, म्हणजे खिळ्यांचा उठाव टिपला जाईल.

दुकानाबाहेरच्या मीनाकारी पत्र्याच्या पाट्यांबद्दल थोडक्यात. खऱ्या पाटीवर काचेचे थर भट्टीत भाजलेले असतात, म्हणून नखाला रंगांच्या कडा लागतात आणि टवका उडालेल्या जागी आधी गडद थर, मग लोखंड दिसतं. हलका, गुळगुळीत, एकसारखा छापील पत्रा म्हणजे नवी नक्कल. सौम्य साबणाचं पाणी, लगेच कोरडं पुसणं, एवढीच सफाई. गंज असेल तिथेच, बहुधा खिळ्यांच्या भोकांपाशी, मेणाचा पातळ हात द्या आणि ऑइलपेंट लावून ती ‘नवी’ करू नका.

शेवटचं काम पेन्सिलीचं. पोस्टरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ २बी पेन्सिलीने, दाब न देता लिहा : कोणत्या गावी मिळालं, कोणत्या पेठेत, कोणत्या प्रकारच्या दुकानात, कोणत्या महिन्यात, आणि पट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा, अनुस्वारासकट. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उतरते. आणि लिहायची जागा पट्टीच्या मागे नको, चित्राच्या मागे. पट्टीच्या पाठीवर खिळ्यांचा उठाव आहे, तो पेन्सिलीने दबतो.